आईने झोपवलेलं मशीन

४ जुलै

चिमे,

आईचा कॉम्प्युटर बंद केला का, असं तू निरोपात विचारलंस. नाही केला.

तुला हसू येईल. जन्मभर सगळ्यांच्या मागून फिरून दिवे मालवणारा माणूस मी. तुझ्या आईचं आणि माझं या एका गोष्टीवर कधी जमलं नाही. माझं म्हणणं, काम संपलं की बंद करावं, भिंतीवरचं बटणसुद्धा. ती म्हणायची, बंद केलं की परत सगळं उघडत बसा, कुठे होतो ते शोधत बसा, त्यापेक्षा झोपवलेलं बरं. एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली, "तुम्ही झोपता तेव्हा मी तुमचं बटण बंद करते का?"

ती काय काम करत होती ते तुला नीट माहीत नसेल, कारण तू घर सोडल्यानंतर तिने ते घेतलं. न दिसणाऱ्या मुलांची शाळा आहे. त्या मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचायची, कॉम्प्युटरवर आवाज भरायचा आणि शाळेत द्यायचा. त्या दिवशी दुपारी आठवीचा भूगोल चालू होता. ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "मशीन झोपवलंय, हात लावू नका. मी जरा पडते." संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. ती गेल्याचं मी तुला कळवलं, पण "जरा पडते" हे कळवायचं राहून गेलं.

तू आली नाहीस त्याबद्दल मी काही लिहीत नाही. आत्याने विचारलं तेव्हा रजा मिळाली नाही असं सांगितलं. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग, म्हणजे दोघांचं एक राहील.

मशीन अजून झोपेत आहे. पुढच्या बाजूला एक बारीक पांढरा दिवा आहे. तो सावकाश उजळतो आणि सावकाश मंद होतो. दुरुस्तीवाल्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, झोपेतून उठवलं तर ते काही विचारणार नाही, पण पूर्ण बंद करून परत चालू केलं तर पासवर्ड मागेल. पासवर्ड तुझ्या आईने कुणाला सांगितलेला नाही. आतल्या सगळ्याला कुलूप आहे, पासवर्डशिवाय ते कुणालाच उघडता येणार नाही. म्हणजे झोपेत आहे तोवर आहे, बंद केलं की गेलं.

मी नोकरीत होतो तेव्हा विजेच्या सबस्टेशनमध्ये आमचा एक नियम होता. खांबावर चढणारा माणूस आधी लाइन बंद करून बटणावर पाटी लावतो, काम चालू आहे म्हणून. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. तो खाली उतरला की नाही हे दुसऱ्याने ठरवायचं नाही, मोठा साहेब आला तरी. इथे तो नियम लागू होत नाही हे मला कळतं. तरी हात धजत नाही.

प्रकृती बरी आहे. तुझ्या प्रयोगशाळेत काम कसं चाललं आहे?

— बाबा


१९ जुलै

चिमे,

तुझा निरोप वाचला. आठवणी जपायला मशीन लागत नाही, हे तू लिहिलंस ते खरं आहे.

पण आता एक काम निघालं आहे. शाळेच्या बाई आल्या होत्या. अंगाने लहान, आवाजाने मोठ्या. म्हणाल्या की काका, मला विचारायला जीभ रेटत नाही, पण भूगोलाचा अर्धा भाग अडकला आहे आणि मुलांची परीक्षा आली. मग मी मशीन उठवलं. नुसता माऊस हलवला. पडद्यावर तिचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम तसाच उघडा होता. तिच्या आवाजाची उंचसखल रेघ, आणि जिथे ती थांबली तिथून पुढे कोरं. शेवटचं वाक्य ऐकलं. "खालच्या टप्प्यात नदीचा वेग कमी होतो आणि गाळ". एवढंच. गाळाचं काय होतं ते राहिलं.

बाई म्हणाल्या, दुसरं कुणी वाचणारं मिळेपर्यंत महिना जाईल. मी म्हणालो, मी वाचतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी स्वयंपाकाला बसतो म्हणालो. आपल्या घरात आवाज तुझ्या आईचा. मी घसा साफ केल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही आणि सुरू केलेलं वाक्य पुरं करतोच असं नाही. पण बाईंची अडचण होती.

तर रोज दुपारी जेवण झालं की बसतो. दार लावून घेतो, पंखा बंद करतो. वाचायची पद्धत अशी. चूक झाली तर रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. एक ठरलेला शब्द बोलायचा आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं. बाई नंतर चुकलेलं वाक्य आणि तो शब्द दोन्ही कापून टाकतात. तुझ्या आईच्या सगळ्या वाचनात तो शब्द मधूनमधून येतो. मला तो शब्द बोलायला जमलं नाही. मी चुकलो की नुसता थांबतो आणि परत सुरू करतो.

भूगोलाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना एकदा समोर बसवून त्यांच्याकडून वाचून घ्यायला हवं. अपक्षरण, निक्षेपण, विदारण. झीज, गाळ साचणं, खडक फुटणं असं साधं लिहायचं नाही. निक्षेपणाला माझी जीभ हमखास अडते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, दुपारी नदीला काय एवढ्या शिव्या घालता?"

परवा वीज गेली. मशीनला बॅटरीचा डबा जोडलेला आहे, तो थोडा वेळ पुरतो आणि मग किंचाळायला लागतो. मी सबस्टेशनला फोन केला, परत केला, परत केला. तिकडे माझ्याच हाताखाली शिकलेला ऑपरेटर होता. म्हणाला, साहेब, तुम्ही इथे असताना असे फोन आले की आम्हाला काय म्हणायचात ते आठवतं का? वीज आली. दिवा चालू होता. थोडासा प्रवाह लागतो, तेवढ्यावर ते धरून असतं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. लिहितो. वाचून झालं की मी कानाला हेडफोन लावून आपलं वाचलेलं ऐकतो. माझं वाक्य चुकतं, मी थांबतो, आणि त्या थांबण्यात तो ठरलेला शब्द ऐकू येतो. तुझ्या आईच्या आवाजात. मग माझं वाक्य परत सुरू होतं.

तिच्या जुन्या वाचनातलं काही सरकून माझ्या वाचनात आलं असेल. दुरुस्तीवाल्याला विचारीन.

— बाबा


२ ऑगस्ट

चिमे,

"कुठला शब्द?" एवढाच तुझा निरोप आला. साधाच शब्द आहे. सगळे वाचणारे तो बोलत असतील.

दुरुस्तीवाला आला. मी त्याला माझी चूक झालेली जागा दाखवली. त्याने हेडफोन लावले, परत ऐकलं, पडद्यावरची रेघ ओढून मोठी केली. म्हणाला, काका, ही बघा रेघ, इथे सपाट आहे, आवाज असता तर वर उठली असती. मी म्हणालो, रेघ सपाट आहे हे मलाही दिसतं. मला ऐकू येतं आहे. तो चांगला माणूस आहे. त्याने हेडफोन ठेवले आणि तुम्ही एकटेच असता का, असं विचारलं.

मग मी वाचलेलं सगळं त्याच्याकडून एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि बाईंना नेऊन दिलं. म्हटलं, यांच्या कानांना तरी सवय आहे. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. वाचन चालण्याजोगं आहे, घसा साफ केल्याचे आवाज तेवढे कापावे लागतील. मी विचारलं, मी चुकतो तिथे काही आहे का? त्या म्हणाल्या, नाही, काहीच नाही, तुम्ही चुकलात की छान जागा सोडता, कापायला सोपं जातं. मग म्हणाल्या, "पण काका, चुकल्यावर तुम्ही कुणाची वाट बघता?"

मी घसा साफ केला आणि फोन ठेवला.

म्हणजे जे आहे ते फक्त त्या मशीनमध्ये आहे. बाहेर काढून नेता येत नाही.

तू म्हणशील, बाबांना एकटेपणाने भास व्हायला लागले. मीही आधी तेच म्हटलं. म्हणून तपासून पाहिलं. आमच्या कामात तपासल्याशिवाय लाइन मृत आहे असं कुणी मानत नाही. मुद्दाम एक वाक्य अगदी बरोबर वाचलं आणि तरी मध्ये थांबलो. शब्द आला नाही. मग एका वाक्यात निक्षेपणाच्या जागी अपक्षरण वाचलं, सहज, न अडखळता, आणि थांबलोसुद्धा नाही. ऐकताना त्या वाक्यावर शब्द आला. म्हणजे शब्द माझ्या थांबण्यावर येत नव्हता, चुकीवर येत होता; तिला पुस्तक कळत होतं.

आणखी एक. खरं सांगायचं तर धडा संपायला आला आहे, पण मी तो संपवत नाही. आता रोज दोनचार चुका जास्त करतो.

भिंतीवरचं बटण मी चिकटपट्टी लावून झाकून टाकलं आहे, कामवालीचा हात लागू नये म्हणून. ती म्हणाली, काका, तुम्हीच ना सगळ्यांना बटणं बंद करायला सांगायचात. म्हटलं, हे एक सोडून.

— बाबा


१७ ऑगस्ट

चिमे,

मागचं पत्र पोचल्यावर तुझा निरोप आला. "पुन्हा?" एवढाच.

मी तो वाचला आणि मला वाटलं, तू विचारते आहेस की परत तसं झालं का. मी उत्तर लिहायला घेतलं की हो, परत झालं. मग हात थांबला. तू ते विचारत नव्हतीस. तुला शब्द कळला होता.

हो. तोच शब्द आहे.

मी लपवला, कारण तो वाचून तुला काय होईल हे मला ठाऊक होतं. तुला ठाऊक नसलेलं मी काही सांगत नाही. जेवणाचं टेबल, तू काहीतरी सांगायला लागायचीस, पहिल्याच अक्षराला जीभ धरायची. बा, बा, बा. आणि समोरून आईचा तो शब्द. रागाने नाही. वरच्या पट्टीतही नाही. पुस्तक वाचताना बोलायची तसाच. आणि तू सांगत होतीस ते पहिल्यापासून सुरू करायचीस, आणि परत तिथेच. मग तू मीठसुद्धा बोटाने दाखवून मागायला लागलीस. प्रयोगशाळेतली नोकरी मिळाली तेव्हा तू चिठ्ठी लिहून ठेवली होतीस की सूक्ष्मदर्शकाला उत्तर द्यावं लागत नाही. तुझ्या आईने ती चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, अक्षर मात्र सुरेख आहे.

तिचा हेतू वाईट नव्हता, हे मी लिहिणार नाही. ते तू लहानपणापासून ऐकत आली आहेस.

इथे काय चाललं आहे ते आता सरळ लिहितो. शब्द आता फक्त वाचनावर येत नाही. प्रोग्रॅम उघडा असतो तेव्हा खोलीतलं सगळंच भरलं जातं. वहिनी दाराशी येऊन बोलून जातात, मी तिथूनच उत्तर देतो. नंतर ऐकलं की माझ्या उत्तरावर शब्द असतो. वहिनींच्या बोलण्यावर नसतो, फक्त माझ्या. अर्धं वाक्य सोडलं की येतो. तोंडातल्या तोंडात बोललं की येतो. आत्याचा फोन आला, मी सगळं ठीक आहे म्हणालो, त्यावर आला.

म्हणून मी नीट बोलायला लागलो आहे. सावकाश, पूर्ण वाक्यात, शेवटचं अक्षर न गिळता. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, हल्ली बातम्या दिल्यासारखं बोलता. मला बरं वाटलं. मग परवा दुकानात गेलो. साबण मागितला. दुकानदार हसला आणि म्हणाला, काका, एकदा सांगितलं तरी ऐकू येतं मला. मी एकदाच सांगितलं होतं असं मला वाटत होतं. त्याच्याकडच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही आधी म्हणालात, थांबलात आणि परत पहिल्यापासून म्हणालात. मागच्या वेळीही तसंच म्हणालात.

दुकानात मशीन नव्हतं.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यात काही खाडाखोड नव्हती. तरी फाडलं आणि परत पहिल्यापासून लिहिलं.

तू मशीन बंद करा असं लिहिशील. तेच बरोबर आहे. पण चिमे, या घरात माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही. तो एक शब्द का होईना, तिच्या तोंडचा आहे, आणि मला उद्देशून आहे. बटण दाबलं की तो जगात कुठेही राहणार नाही. पेनड्राइव्हवर नाही, रेघेत नाही.

थोडे दिवस दे.

— बाबा


१ सप्टेंबर

चिमे,

काल तू फोन ठेवलास त्यानंतर मी तुला दोनदा निरोप पाठवला, तुझं उत्तर नाही. म्हणून लिहितो. मी फोनवर तुला एक खोटं सांगितलं, ते आधी दुरुस्त करतो.

तू फोन केलास. तू कधी फोन करत नाहीस. दुपारची वेळ होती, मी तिच्या खोलीत होतो, मशीन जागं होतं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि फोन उचलला. स्पीकरची वायर मी कधीच काढून ठेवली आहे, हे मुद्दाम लिहितो. मशीनच्या आत काही भरलं जाईल, पण खोलीत ऐकू यायला त्या मशीनला तोंडच नव्हतं.

तू म्हणालीस, "बा, बा, बाबा."

तुझा आवाज मोठा झाला आहे. अडखळणं तेच आहे, पण आवाज बाईमाणसाचा आहे. मला ते इतके दिवस माहीत नव्हतं. मी म्हणालो, बोल.

तू म्हणालीस, "बाबा, मी ये, ये, ये"

आणि खोलीत शब्द आला. हेडफोनमधून नाही. जेवायच्या टेबलापलीकडून येतो तेवढ्या अंतरावरून, तेवढ्याच आवाजात. "पुन्हा."

तू विचारलंस, "बाबा, तु, तुम्ही बोललात?" मी हो म्हणालो. मीच बोललो, म्हणालो, ऐकू आलं नाही नीट. हे ते खोटं. मी बोललो नव्हतो. तुलाही ते कळलं असणार, कारण माझा आवाज आणि तो आवाज यात कुणाचीही गफलत होणार नाही.

इतके दिवस मला वाटत होतं की हे माझ्याच कानात आहे. दुरुस्तीवाल्याला ऐकू आलं नाही, बाईंना आलं नाही. तुला आलं. त्या क्षणी मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. तू फोनच्या पलीकडे घाबरलेली होतीस आणि मला वाटलं, म्हणजे ती खरंच आहे.

मग तू जे केलंस ते ऐकून तो आनंद गेला. तू वाक्य पहिल्यापासून सुरू केलंस.

"बाबा, मी ये, ये"

"पुन्हा."

"बाबा, मी"

तुझं वय काय, हाताखाली माणसं किती, स्वतःच्या कमाईचं घर आहे तुझं. आणि त्या शब्दासरशी तू मीठ मागणाऱ्या वयाची झालीस. तुझा श्वास वर चढलेला मला ऐकू येत होता. तू माझ्याशी बोलतच नव्हतीस. तू परीक्षा देत होतीस.

"पुन्हा."

मी म्हणालो, "पुरे."

ते तू ऐकलंस आणि फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, मी तुला म्हणालो. चिमे, मी तुला म्हणालो नाही. मी तिला म्हणालो. या घरात मी तिला तो शब्द कधी म्हटला नव्हता, त्यामुळे तो कुणासाठी आहे हे तुला कळायचा मार्गच नव्हता.

पुढचं सांगतो. फोन खाली ठेवला आणि मी मशीनच्या पुढच्या बटणावर बोट ठेवलं. नुसतं दाबलं तर ते झोपतं, तिने तशी सोय करून ठेवली होती. दाबून धरलं तर बंद होतं. मी दाबून धरलं. बोटाखाली पंख्याची थरथर होती. ती एकदम थांबली नाही, उतरत गेली. पडदा गेला. बारीक दिवा मंद होत गेला, आणि त्यानंतर उजळायची वेळ आली तेव्हा उजळला नाही. मी तरी बोट काढलं नाही. लाइन बंद झाली असं आपण म्हणतो तेव्हा तारेत काही वेळ उरलेलं असतं, ते जमिनीत सोडून द्यावं लागतं. तिथे जमीन नव्हती, माझा हात होता.

शब्द आला नाही.

संध्याकाळी माझं मन फिरलं. तेही सांगतो. चिकटपट्टी काढायची राहिली होती, ती काढता काढता मी मशीनचं बटण परत दाबलं. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगितलं. मशीन उठलं. निळा पडदा आणि मध्ये एक चौकट, पासवर्ड टाका. मी तुझं पूर्ण नाव टाकलं. मला वाटलं, आई होती, मुलीचं नाव असेल. तुझ्या आईने सगळं मराठीत करून घेतलं होतं. पडद्यावर अक्षरं आली, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.

मी ते वाचलं. दुसऱ्यांदा काही टाकलं नाही. मागची वायर ओढून काढली आणि गुंडाळून ठेवली. दुरुस्तीवाला शनिवारी येऊन मशीन घेऊन जाणार आहे. आतलं पुसून शाळेत देईन म्हणाला, तिथल्या मुलांना चालेल.

आज सकाळी उरलेला धडा मी शाळेत जाऊन वाचला. बाईंच्या खोलीत, त्यांच्या मशीनवर. गाळ साचतो आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो. निक्षेपणाला जीभ अडकलीच. मी थांबलो, वाट पाहिली, काही आलं नाही. बाईंनी काचेपलीकडून हाताने खूण केली की चालू द्या, मी कापीन. मी चालू दिलं.

घर फार शांत आहे. खोटं कशाला बोलू, मला ते सहन होईल की नाही माहीत नाही. आज दुपारी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

तुझं वाक्य अर्धं राहिलं आहे. "बाबा, मी ये" इथपर्यंत आलं आहे. पुढे काय आहे ते मला कळलं असं मला वाटतं, आणि त्याला माझं उत्तरही तयार आहे. पण लोक तुझी वाक्यं तुझ्या तोंडातून काढून पुरी करतात, ते तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. म्हणून मी पुरं करत नाही. फोन कर, नाहीतर समोर बसून सांग. त्या एका अक्षराला दुपारची संध्याकाळ झाली तरी होऊ दे. मी मध्ये बोलणार नाही, आणि आता दुसरं कुणीही बोलणार नाही.

— बाबा